दान मिळालेल्या डोळ्यांत मॅक्युलाचे बदल अभ्यासायचे आहेत: फिक्सेशन, काप आणि मोजमाप याबद्दल सल्ला हवा

नेत्रनिवासी_नाशिक

नमस्कार. नाशिकला एमएस नेत्रविज्ञानाच्या पहिल्या वर्षाला आहे. आरोग्य विद्यापीठाला पाठवायच्या सिनॉप्सिसची, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्याची, तयारी चालू आहे. विषय असा: ६० वर्षांपुढच्या नेत्रदात्यांचा कॉर्निया काढून घेतल्यावर डोळ्याचा जो मागचा भाग उरतो, त्यात एएमडीचे, म्हणजे वयोमानाने मॅक्युला (रेटिनाचा मध्यभाग) झिजण्याचे बदल पाहायचे. ड्रूसन (रेटिनाखाली साठणारे ढीग), आरपीई (रेटिनामागचा रंगद्रव्ययुक्त पेशींचा थर), ब्रुक्स मेम्ब्रेन (त्या थराखालचा पातळ पडदा) आणि फोटोरिसेप्टर (प्रकाश टिपणाऱ्या रॉड व कोन पेशी) हे चार घटक मोजायचे आणि जमलं तर ओसीटीशी, म्हणजे रेटिनाचे थर दाखवणाऱ्या स्कॅनशी, जुळवायचे.

ऊती मेणात बसवून कापायची पॅराफिनची सोय आहे, गोठवून कापायचा क्रायोस्टॅट शेजारच्या विभागात आहे, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नाही. साध्या फॉर्मेलिनमध्ये ठेवलेल्या डोळ्यांच्या चाचणी स्लाइड पाहिल्या. रेटिना आरपीईपासून सुटून घडी झालेली दिसते, मोठ्या ड्रूसनच्या जागी नुसती पोकळी आहे, आणि डीएबीचा (अँटिबॉडी कुठे चिकटली ते दाखवणाऱ्या द्रव्याचा) तपकिरी रंग व मेलॅनिन यांतला फरक कळत नाही.

फिक्सेटिव्ह (ऊती कुजू न देता टिकवणारं द्रव्य) कोणतं आणि किती वेळ? फोव्हिया (मॅक्युलाचा मधला खळगा) नक्की कापात यावा म्हणून डोळा कुठून कापायचा? आणि तीन वर्षांत झेपेल एवढी व्याप्ती किती ठेवावी? सविस्तर लिहिलंत तर उपकार होतील.

---

नेत्रपेढी_समन्वय

डॉक्टर, फिक्सेटिव्हच्या आधी एक गोष्ट तपासा. तुमची नेत्रपेढी पूर्ण डोळा काढते की जागेवरच कॉर्नियाची चकती काढते? जागेवर कॉर्निया काढला तर मागचा भाग पार्थिवासोबतच जातो, तुमच्या हाती काहीच येत नाही. त्यामुळे पूर्ण डोळा काढण्याची पद्धत सिनॉप्सिसमध्ये स्पष्ट लिहा. संमतीपत्रात संशोधनासाठी वेगळी ओळ आणि वेगळी सही हवी. प्रत्यारोपणाला दिलेली संमती संशोधनाला आपोआप लागू होत नाही, आणि एथिक्स कमिटी पहिला प्रश्न हाच विचारेल. दुःखात असलेल्या घरच्यांना हे दोन वाक्यांत, नीट बसून सांगणारा माणूस सोबत असू द्या. सही घाईने उरकू नका.

वेळ दोन टप्प्यांत नोंदवा: मृत्यूपासून डोळा काढेपर्यंत, आणि डोळा काढल्यापासून फिक्सेटिव्हमध्ये जाईपर्यंत. कॉर्नियासाठी ६ तासांची मर्यादा सगळ्यांना पाठ असते, पण कॉर्निया तोवर टिकतो म्हणून रेटिनाही टिकतो असं नाही. फोटोरिसेप्टरचे बाह्यखंड आधी बिघडतात. आरपीईच्या खालचे साठे आणि ब्रुक्स मेम्ब्रेन जास्त वेळ तग धरतात. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीजवळ जातो तेव्हा बंद खोलीतला एकेक तास महागात पडतो. नातेवाइकांना फोनवर सांगायच्या नेहमीच्या सूचना, पंखा बंद, पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी, रेटिनालाही उपयोगी आहेत.

डोळा मॉइस्ट चेंबरमध्ये (ओलावा राखणाऱ्या डबीत) २ ते ८ अंशांवर आणा. बर्फ चेंबरच्या बाहेर असावा, डोळ्याला थेट लागू नये, नाहीतर ऊती गोठून पेशी फुटतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासणीसाठी रक्त घ्या. अहवाल येईपर्यंत आणि आल्यावरही, फिक्स न झालेली ऊती संसर्गजन्य समजूनच हाताळा.

नोंदवहीत मधुमेह, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, डोळ्यात घेतलेली इंजेक्शनं आणि तंबाखू हे रकाने हवेतच. तंबाखूचा एकच रकाना ठेवू नका. एएमडीशी घट्ट नातं धूम्रपानाचं आहे, म्हणून विडी-सिगारेट वेगळी आणि मिश्री किंवा चघळायची तंबाखू वेगळी विचारा. आपल्याकडे नुसतं ‘तंबाखू’ विचारलं की दोन्ही एकत्र येतात.

---

काचपट्टी

वरचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. आता पॅथॉलॉजीच्या बाजूने.

बंद डोळा फॉर्मेलिनमध्ये टाकला तर स्क्लेरातून द्रव्य फार हळू आत शिरतं आणि तोवर रेटिना कुजत राहतो. कॉर्निया काढल्यावर भोक तयारच असतं, त्याचा फायदा घ्या. आयरिस आणि लेन्स अलगद काढा. व्हिट्रियस (डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ) ओढू नका, तो रेटिनाला चिकटलेला असतो आणि ओढला की रेटिना सोबत येतो. बाहेर सांडतो आहे तेवढाच कात्रीने कापा. मग लगेच पिपेटने डोळ्याच्या उरलेल्या कपात फिक्सेटिव्ह भरा आणि कप तोंड वर करून पसरट डब्यात बुडवा. डोळ्याचं आकारमान साडेसहा मिलिलिटरच्या आसपास असतं, तेव्हा एका डोळ्याला निदान १०० ते १५० मिलि द्रव्य हवं. छोट्या बाटलीत दोन डोळे कोंबणं हे खराब स्लाइडचं नेहमीचं कारण आहे.

फिक्सेटिव्ह कोणतं, याला एकच उत्तर नाही. काय मोजायचं आहे ते आधी ठरवा. फोटोरिसेप्टरचे थर आणि न सुटलेला रेटिना हवा असेल तर डेव्हिडसन चांगलं: फॉर्मेलिन २ भाग, ९५ टक्के अल्कोहोल ३ भाग, ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड १ भाग, पाणी ३ भाग. २४ तास ठेवून ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. पण याच्या दोन किमती आहेत. अल्कोहोल मेद विरघळवतं. आणि अॅसेटिक अॅसिड कॅल्शियमचे क्षार विरघळवतं, म्हणून डेव्हिडसनमधल्या ऊतीवर कॅल्शियमचे साठे दाखवणारा व्हॉन कोसा रंग केला आणि ड्रूसनमध्ये काळं काही दिसलं नाही, तर त्यावरून चुना साठलेला नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. हे सिनॉप्सिसच्या मर्यादांमध्ये आधीच लिहा. मेद आणि इम्युनो (अँटिबॉडीने प्रथिनं ओळखणं) पाहायचं असेल तर ०.१ मोलर फॉस्फेट बफरमधलं ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड, ४ अंशांवर.

माझा सल्ला: एक डोळा डेव्हिडसन आणि पॅराफिनला, दुसरा पॅराफॉर्माल्डिहाइड आणि क्रायोला. प्रत्येक वेळी उजवाच पॅराफिनला पाठवू नका, कोणता कुठे जाणार हे चिठ्ठ्यांनी ठरवा.

कापाबद्दल. नेहमीच्या ग्रॉसिंगमध्ये (नमुना हाताने कापताना) आपण ऑप्टिक नर्व्हमधून आडवा काप घेतो आणि मॅक्युला आला असं समजतो. फोव्हिया डिस्कच्या (नर्व्ह डोळ्याला मिळते त्या जागेच्या) मध्यापासून साधारण ४ मिमी टेम्पोरल, म्हणजे कानशिलाच्या, बाजूला आणि पाऊण ते एक मिमी खाली असतो. फोव्हियोला, म्हणजे फोव्हियाचा तळ, अवघा ०.३५ मिमीचा. म्हणजे नर्व्हच्या मध्यातून गेलेला सरळ काप फोव्हियाच्या वरून निघून जातो. बाहेरून दिशा ओळखायला इन्फिरिअर ऑब्लिक या स्नायूचा मांसल जोड पाहा. तो टेम्पोरल बाजूला असतो, त्याचे तंतू खाली जातात, आणि त्याच्या मागच्या टोकाजवळच आतल्या बाजूला मॅक्युला येतो. सुपीरिअर ऑब्लिकचा जोड चकचकीत, स्नायूबंधासारखा दिसतो.

फिक्सेशननंतर स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पिवळसर डाग शोधा. त्याच्या वर ३ मिमी आणि खाली १.५ मिमी अंतर ठेवून नव्या ब्लेडने एकाच ओढीत दोन आडवे काप द्या. ब्लेड पुढेमागे करवतलं की रेटिना तिथेच सुटतो. ही साडेचार मिमीची पट्टी नेहमीच्या कॅसेटमध्ये मावते आणि फोव्हिया खालच्या पृष्ठापासून दीड मिमीवर राहतो. वरच्या बाजूला टिश्यू-इंक लावा, म्हणजे ब्लॉक उलटा बसणार नाही. स्क्लेरा कडक असल्याने प्रोसेसिंगचे टप्पे थोडे लांबवा आणि कापण्याआधी ब्लॉक बर्फावर ठेवा.

५ मायक्रॉनचे काप घ्या आणि दर बारावा ठेवा, म्हणजे ६० मायक्रॉनचं अंतर पडतं. १२५ मायक्रॉनपेक्षा मोठा ड्रूसन अशा दोन कापांत तरी सापडतोच. एकाच कापावर विसंबलात तर १५० मायक्रॉनचा ड्रूसन कडेला कापला जाऊन ४० मायक्रॉनचा दिसेल आणि वर्गवारी चुकेल. मधल्या १ मिमीसाठी सतराएक पातळ्या होतात, तेवढं झेपतं. शिवाय फोव्हियाच्या २ मिमी वर आणखी एक संच घ्या. तिथे रॉड दाट असतात आणि तिथली कथा वेगळी आहे. ब्लॉक आकसतो, त्यामुळे ट्रिमिंग मिमीच्या हिशोबाच्या थोडं आधीच थांबवून स्लाइड पाहात जा. गँग्लिऑन पेशी आणि इनर न्यूक्लिअर थर बाजूला सरलेले, आणि उरले फक्त कोनचे केंद्रक व हेन्लेचे तंतू, की फोव्हियाचा मध्य आला.

नेहमीच्या एच अँड ई रंगासोबत पीएएस हा रंग हवाच. ब्रुक्स मेम्ब्रेन, हार्ड ड्रूसन आणि बेसल लॅमिनार डिपॉझिट पीएएसमध्ये ठसठशीत दिसतात.

---

नेत्रनिवासी_नाशिक

मनापासून आभार. नर्व्हमधून काप घेण्याची चूक आराखड्यात होती, ती आता बदलतो. ड्रूसनच्या जागी दिसणारी पोकळी म्हणजे मेद विरघळल्याची खूण समजायची का? आणि क्रायो, ऑइल रेड ओ (मेदाचा लाल रंग) व इम्युनोचे बारकावे कोणी सांगेल का?

---

हिस्टोलॅब_पंचवटी

हो, बहुतेक वेळा तसंच. मऊ ड्रूसनचा गाभा मेदयुक्त आणि ठिसूळ असतो. अल्कोहोल-झायलीनमध्ये तो विरघळतो किंवा कापताना गळून पडतो. पोकळीच्या वर आरपीई आणि तिचा बेसल लॅमिना (तळाचा पातळ पदर), खाली ब्रुक्सचा आतला कोलॅजन थर, अशा दोन्ही कडा शाबूत असतील तर तो ड्रूसनच होता असं धरून ‘रिकामा ड्रूसन’ म्हणून मोजा. पोकळी आरपीईच्या वर असेल तर ती रेटिना सुटल्याची, त्या मोजायच्या नाहीत.

क्रायोसाठी पॅराफॉर्माल्डिहाइडमधून काढलेली पट्टी १० टक्के, २० टक्के आणि शेवटी ३० टक्के सुक्रोजमध्ये न्या. शेवटच्या द्रावणात ती तळाला बसेपर्यंत थांबा, रात्रभर लागते. तरंगत असताना गोठवली तर बर्फाचे स्फटिक आउटर न्यूक्लिअर थरात (फोटोरिसेप्टरच्या केंद्रकांच्या थरात) भोकं पाडतात, आणि तीच भोकं पुढे पेशी गेल्याची जागा म्हणून मोजली जातात. गोठवणं आयसोपेंटेनमध्ये, द्रव नायट्रोजनने गार करून. थेट नायट्रोजनमध्ये टाकू नका, ब्लॉक तडकतो. नायट्रोजनची चिंता नको, जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो जिल्हाभर फिरत असतो. काप १० ते १२ मायक्रॉन, चार्ज्ड स्लाइडवर.

ऑइल रेड ओ: आयसोप्रोपेनॉलमधला ०.५ टक्के साठा, त्याचे ६ भाग आणि डिस्टिल्ड पाणी ४ भाग, १० मिनिटं ठेवून गाळायचं. काप आधी ६० टक्के आयसोप्रोपेनॉलमध्ये बुडवून काढा, मग रंगात १०-१५ मिनिटं, पुन्हा ६० टक्के, मग पाणी. डबा झाकलेलाच ठेवा. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत द्रावक उडतो आणि लाल कण कापावर बसतात, ते मेदाचे थेंब वाटतात. माउंट ग्लिसरीन जेलीत. डीपीएक्स लावलं तर त्यातलं झायलीन सगळा मेद घेऊन जातं. एक काप क्लोरोफॉर्म-मेथॅनॉल २:१ मध्ये धुऊन मग रंगवा. त्यात लाल दिसलं तर तो रंग मेदाचा नाही. निरोगी वृद्ध डोळ्यांतही ब्रुक्स मेम्ब्रेनमध्ये मेद साठतो, तेव्हा तुलना त्याच वयोगटाच्या डोळ्यांशीच करा.

मेलॅनिनसाठी डीएबी सोडा आणि लाल क्रोमोजेन वापरा, निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. ब्लीच करायचंच झालं तर ०.२५ टक्के पोटॅशियम परमँगनेट आणि नंतर काप पांढरा होईपर्यंत ऑक्झॅलिक अॅसिड. पण त्याने काही अँटिजेन बिघडतात आणि काप स्लाइडवरून सुटतात, म्हणून कंट्रोल कापही ब्लीच करूनच पाहा.

फ्लुओरेसन्समध्ये आरपीईतलं लायपोफस्किन (वयानुसार साठणारं रंगद्रव्य) निळ्या प्रकाशात आपोआप सोनेरी-नारिंगी चमकतं. अँटिबॉडी न लावलेला एक काप नेहमी सोबत ठेवा. चमक दाबायला ७० टक्के अल्कोहोलमधलं ०.१ टक्के सुदान ब्लॅक बी, दुय्यम अँटिबॉडीनंतर १० ते २० मिनिटं. त्यानंतरच्या बफरमध्ये डिटर्जंट नको, तो सुदान धुऊन काढतो. फार-रेड चॅनेलमध्ये सुदान स्वतःच चमकतं, तो चॅनेल टाळा. आणि लायपोफस्किनच मोजायचं असेल तर अर्थातच सुदान नको.

---

मागचा_पडदा

आता नेमकं काय शोधायचं आणि त्याला काय म्हणायचं, यावर लिहितो. इथे गोंधळ झाला तर उत्तम स्लाइडही वाया जातात.

साठे चार प्रकारचे असतात. आरपीईचा पेशीपडदा आणि तिचा बेसल लॅमिना यांच्या मधले ते बेसल लॅमिनार डिपॉझिट. बेसल लॅमिना आणि ब्रुक्सचा आतला कोलॅजन थर यांच्या मधला पातळ थर म्हणजे बेसल लिनिअर डिपॉझिट, आणि त्याच जागेत ढीग झाला की मऊ ड्रूसन. हार्ड ड्रूसन जागेने तिथेच, पण घट्ट आणि गोळीबंद. चौथे आरपीईच्या वर, फोटोरिसेप्टरच्या बाजूला, म्हणजे सबरेटिनल ड्रूसनॉइड डिपॉझिट. मऊ ड्रूसन कोनदाट मध्यभागी गोळा होतात, चौथा प्रकार रॉडदाट परिघात, विशेषतः वरच्या बाजूला. वर २ मिमीवर काप घ्या असं सांगितलं गेलं ते म्हणूनच मोलाचं आहे. रेटिना सुटला तर हा चौथा प्रकार अर्धा इकडे अर्धा तिकडे जातो आणि नोंदवता येत नाही. पातळ बेसल लिनिअर डिपॉझिट पॅराफिनमध्ये ओळखण्याचा दावा करू नका, त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप किंवा मेद राखणारी खास प्रक्रिया लागते.

एक-दोन बारीक ड्रूसन दिसले की एएमडी म्हणू नका. २०१३ च्या बेकमन वर्गीकरणात ६३ मायक्रॉनखालचे ड्रूसन वयाचा भाग मानले आहेत, ६३ ते १२५ म्हणजे सुरुवातीचा एएमडी, १२५ च्या वर किंवा रंगद्रव्याचे बदल असतील तर मधला टप्पा. हे आकडे फंडसच्या फोटोवरचे आहेत, आकसलेल्या पॅराफिन कापावर ते जसेच्या तसे बसत नाहीत. ऊतीसाठी शर्ली सार्क्स यांची १९७६ ची सहा गटांची पायरी अजूनही उपयोगी आहे, कारण ती पॅराफिनवर दिसणाऱ्या बेसल डिपॉझिटवरच उभी आहे. मधुमेही डोळ्यांत हार्ड एक्झुडेट आउटर प्लेक्सिफॉर्म थरात असतात, त्यांना ड्रूसन समजू नका.

फोटोरिसेप्टर मोजताना रॉड आणि कोन वेगळे मोजा. क्रिस्टीन करसिओ आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं की ३४ ते ९० वर्षांदरम्यान मध्य रेटिनातले रॉड सुमारे ३० टक्क्यांनी घटतात, तर फोव्हियातले कोन टिकून राहतात. सगळे केंद्रक एकत्र मोजलेत तर नेमकी हीच घट झाकली जाते. अंधारात डोळे जुळायला वेळ लागतो ही रुग्णांची तक्रार वाचनाच्या तक्रारीआधी का येते, त्याचं ऊतीतलं कारण इथे आहे.

ओसीटी: बहुतेक दात्यांचा जिवंतपणीचा स्कॅन मिळणार नाही. कप फिक्स करण्याआधी किंवा केल्यावर त्याचाच स्कॅन घ्या. मृत्यूनंतर रेटिना सुजतो, फोव्हियाला घडी पडते, त्यामुळे जाडीची तुलना करू नका, स्थानाची करा. झीज ठरवताना सीरोराचे (ओसीटीवर आरपीई आणि बाहेरच्या रेटिनाची पूर्ण झीज ओळखण्याचे) निकष पाळा: कोरॉइडमध्ये (रेटिनामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरात) उतरणारा उजेड निदान २५० मायक्रॉन रुंद, आरपीई तुटलेली किंवा विरळ निदान २५० मायक्रॉन, वरचे फोटोरिसेप्टर झिजलेले आणि आरपीई फाटल्याची खूण नाही. ऊतीत झिजेची कड आरपीईवरून काढू नका, कारण सुट्या आरपीई पेशी झिजलेल्या भागातही भटकत असतात. एक्स्टर्नल लिमिटिंग मेम्ब्रेन (फोटोरिसेप्टरच्या केंद्रकांखालची रेषा) जिथे खाली वळून ब्रुक्सकडे उतरते ती कड पक्की असते. ओसीटीत रेटिनाच्या आत दिसणारे चमकदार ठिपके बऱ्याचदा वर सरकलेल्या आरपीई पेशीच असतात. ती जोडी जुळवता आली तर प्रबंधातली सर्वांत सुंदर आकृती तीच होईल.

---

आकडेमोड_कॉलेजरोड

संख्येबद्दल थोडक्यात. एकाच दात्याचे दोन डोळे दोन स्वतंत्र नमुने नाहीत, आणि एका डोळ्याचे सतरा काप सतरा नमुने तर नाहीतच. एकक दाता ठेवा, नाहीतर मिश्र मॉडेल वापरा. ड्रूसनची संख्या ब्रुक्स मेम्ब्रेनच्या मोजलेल्या लांबीवर भागून द्या, कारण काही कापांत कड तुटलेली असते. दोघांनी वय आणि इतिहास न पाहता मोजावं आणि दोघांतला मेळ आकड्यात दाखवावा. मृत्यूनंतरचा वेळ विश्लेषणात चल म्हणून घ्या, फक्त तक्त्यात देऊन सोडू नका.

शीर्षकात ‘एएमडी’ ऐवजी ‘साठीपुढच्या नेत्रदात्यांच्या मॅक्युलातील वयोमानाचे ऊतीबदल’ असं ठेवा. दाते एएमडी पाहून येत नाहीत. तीन वर्षांत पुढच्या टप्प्याचे डोळे मोजकेच हाती येतील, आणि सुरुवातीचे बदल नीट मोजणं हेच खरं काम आहे.

---

नेत्रनिवासी_नाशिक

शीर्षक बदलतो. शेवटचा प्रश्न: नमुने कमी पडले तर उंदरांवर जोडअभ्यास करावा, असं एका फार्मसीच्या मित्राचं म्हणणं आहे. करावा का?

---

मागचा_पडदा

या प्रश्नासाठी नको. उंदराला मॅक्युला नसतो, त्यामुळे मध्यभाग आणि परिघ हा तुमचा मूळ मुद्दाच तिथे उरत नाही. सोडियम आयोडेटने आरपीई काही दिवसांत मरते, ती तीव्र विषबाधा आहे, वर्षानुवर्षांचा साठा नव्हे. शिवाय सी५७बीएल/६एन जातीच्या उंदरांत क्रब१ जनुकातला आरडी८ हा दोष असतो, आणि त्याने रेटिनावर ड्रूसनसारखे पांढरे ठिपके येतात. ६जे जातीत तो नसतो. जनुक न तपासता केलेल्या कामात हेच ठिपके एएमडी म्हणून मोजले जाण्याचा धोका असतो. मित्राला करायचंच असेल तर आधी आरडी८ची तपासणी आणि प्राण्यांच्या एथिक्स कमिटीची वेगळी परवानगी घ्यायला सांगा.

नमुने कमी पडले तर त्यापेक्षा एकेका डोळ्यातून जास्त काढा. क्रायोचा प्रत्येक न वापरलेला काप उणे ८० अंशांवर ठेवा आणि डबीवर दात्याचा क्रमांक, बाजू आणि फोव्हियापासूनचं अंतर लिहा. कोरियोकॅपिलारिससाठी (ब्रुक्सखालच्या केशिकांच्या जाळ्यासाठी) युलेक्स लेक्टिन हे वाहिनीच्या पेशींना चिकटणारं प्रथिन आणि सी५बी-९ (कॉम्प्लिमेंट या प्रतिकारयंत्रणेचा शेवटचा संच) ची अँटिबॉडी त्याच कापांवर नंतर लावता येईल. रक्तवाहिनीची नळी आहे पण आत लेक्टिन घेणारी पेशी नाही, अशा ‘भूत’ वाहिन्या ड्रूसनखाली जास्त सापडतात का, हा प्रश्न तुमच्याच ब्लॉकवर पुढच्या निवासी डॉक्टरला घेता येईल.